वीस लिटरचा कॅन

रंभाबाई : ...म्हणून सांगतेय, सोमवारी खोली खाली कर. मारुंजीत लई इमारती झाल्यात, तितं बघ. आन् उंबऱ्यावर उभा ऱ्हाऊ नकोस, आत ये न्हाईतर बाहेर जा.

शैलेश : काकू, दीड वर्ष राहतोय मी तुमच्याकडे. निदान एकदा ऐकून तरी घ्या.

रंभाबाई : ऐकलं की. अख्ख्या नेरे गावानं ऐकलं. गेल्या रविवारी माझा अमोल समुद्रात वाहत चाललावता, आन् तू काठावर हात हलवत हुतास. वरातीत नाचल्यागत.

शैलेश : त्याला दिशा दाखवत होतो. सरळ काठाकडे येऊ नको, बाजूला सरक म्हणून.

रंभाबाई : बुडत्याला काठाकडं येऊ नको म्हणतोस? वैरी बी असं म्हणत न्हाई रं.

शैलेश : पाणी आत ओढत होतं. काठाकडेच हात मारत राहिला असता तर दमून...

रंभाबाई : अमोल दमतोय व्हय? शेजारच्या चंद्राबाईची कळशी विहिरीच्या तळातनं काढली त्यानं, येका दमात! धरणात ह्या काठाचा त्या काठाला जातोय. आन् तू कोकणातला म्हणवतोस, पायाचा घोटा तरी भिजवलास का?

शैलेश : मला पोहता येत नाही.

रंभाबाई : काय?

शैलेश : नाही येत. गुहागरकडचा आहे, घरामागे समुद्र आहे, आणि पोहता येत नाही. हसा.

रंभाबाई : हसायला तोंड ठिवलंयस का माझं? पवता येत न्हाई तर माझ्या पोराला नेलंस कशाला?

शैलेश : मी नाही नेलं. सुमो त्याची, ताम्हिणी घाटाचा रस्ता त्याच्या पायाखालचा. मी एवढंच म्हटलं होतं, पाणी बघितल्याशिवाय उतरू नकोस.

रंभाबाई : बघितलं की त्यानं! लाटा आपटत हुत्या तितं गेलाच न्हाई. मदी येक पट्टा संथ दिसला, तितनं उतरला. ल्हानपणी मीच शिकवलंय त्याला, संथ पाणी बघून उतरावं.

शैलेश : तिथेच चुकलं. दोन्ही अंगाला लाट फुटतेय आणि मधलंच पाणी गप्प आहे, तर त्या गप्प पाण्याला भ्यायचं.

रंभाबाई : मला शिकवू नकोस.

शैलेश : शिकवत नाही हो. एवढाल्या लाटा काठावर पाणी आणून टाकतात. ते माघारी कुठून जाणार?

रंभाबाई : जाईल कुटनं बी. भाताचं खाचर भरल्यावर काय सगळ्या बांधावरनं पाणी जातंय? बांधाला जितं तोंड केलंय तितनंच जातंय. वरनं दिसतं गरीब, आन् पाय ठिवला की...

शैलेश : की काय?

रंभाबाई : काय न्हाई. गप बस.

शैलेश : तेच तोंड, काकू. त्याच्याविरुद्ध पैलवान असला तरी टिकत नाही. पण ते फार रुंद नसतं. काठ धरून आडवं पोहत गेलं की माणूस सुटतो, मग लाटाच त्याला काठाला आणतात. तेही जमेना तर नुसतं तरंगायचं, हात वर करून हाका मारायच्या.

रंभाबाई : येवढं कळत हुतं तर धावत जाऊन धरलं का न्हाईस त्याला?

शैलेश : माझा काका गेला होता धावत. नरहरीकाका. कुणी पाहुणा ओढला गेला म्हणून. पाहुणा संध्याकाळी सापडला, काका तिसऱ्या दिवशी. त्यानंतर आजीने घरातल्या एकाही पोराला पाण्यात उतरू दिलं नाही.

(रंभाबाई सूप ओढून तांदूळ निवडू लागतात. खड्यांबरोबर चांगले दाणेही बाजूला पडतात.)

रंभाबाई : ...वंगाळ झालं. पर माझ्या पोराला तू वाचवलं न्हाईस, ते न्हाईसच. वर माझा पाण्याचा कॅन घालवून आलात. वीस लिटरचा, कोरा.

शैलेश : तो मीच टाकला.

रंभाबाई : कुटं?

शैलेश : समुद्रात. रिकामा करून, झाकण आवळून, त्याच गप्प पट्ट्यात ढकलला. गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलो नाही. ज्या पाण्याने अमोलला नेलं, तेच कॅनही त्याच्याकडे घेऊन गेलं.

रंभाबाई : खोटं. अमोल म्हणाला, सवताच्या बळावर आलो.

शैलेश : मग तसंच असेल.

अमोल : (आत येत) आये, सुमोची चावी कुटं हाय? रविवारी तालमीतली पोरं घेऊन जायचंय, परत तितंच. आन् ह्यो अजून हितंच व्हय?

रंभाबाई : परत कशाला?

अमोल : कशाला म्हंजे? कोंडिबा बी चावडीवर इचारतोय, वाचलास म्हणं कसाबसा. येकदा दावतोच समद्यांना.

शैलेश : अमोल, त्या पट्ट्यात...

अमोल : तू बोलू नगंस. काठावरचा शाणा.

रंभाबाई : अमोल, कॅन धरलावतास का?

अमोल : कसला कॅन?

रंभाबाई : माझा. धरलावतास का न्हाई, येवढंच सांग.

अमोल : तू चावी दे आदी.

रंभाबाई : कळशी काढल्याली गावभर सांगतोस. कॅनला का वाचा बसली?

अमोल : हात उचलंनात, आये. नाकातोंडात पाणी. आन् समोरनं कॅन आला डुलत. आता पोरांना काय सांगू? कॅनला मिठी मारून आलो?

रंभाबाई : आन् आडवा गेलास?

अमोल : गेलो. ह्यो हात हलवत हुता तिकडं.

रंभाबाई : चावी माझ्या कंबरंला हाय. जायचं तर पुढच्या शिटावर ह्यो बसंल. ह्यो बोट दावंल तितं उतरायचं, ते बी कंबरंएवढ्या पाण्यात. न्हाई म्हणाला तर वाळूत बसून भेळ खायची.

अमोल : पोरं हसत्याल, आये!

रंभाबाई : हसू दे. हसत घरी तर येत्याल.

शैलेश : आणि माझी खोली?

रंभाबाई : सोमवारी खालीच कर. तुझं तोंड बघितलं की मला ते पाणी दिसतंय.

शैलेश : बरं.

रंभाबाई : आन् ह्या बारीला दोन कॅन घ्या. झाकणं मी आवळून देते.