ज्या पानावर चूक, त्याच पानावर

धाकटा : हे पहिल्या पानावर छापणार? ताई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?

ताई : चूक पहिल्या पानावर केली, मग दुरुस्ती काय शब्दकोड्याखाली लपवू? आणि चुरगाळू नकोस तो कागद, छापायला जायचाय.

धाकटा : अगं, अख्ख्या कॉलेजने मला खांद्यावर घेतलंय. 'विद्यार्थी परिषदेतला एकटा वाघ' म्हणतात मला! कॅन्टीनवाला चहाचे पैसे घेत नाही.

ताई : देऊन टाक त्याचे त्याला. आम्ही छापला तसा विरोध तू केलाच नव्हतास. बैठकीतून वार्ताहरांना हाकला, या ठरावाच्या बाजूने हात वर केलास तू. सख्ख्या बहिणीच्या पेपराला बाहेर काढायला!

धाकटा : सगळ्यांनी केला, म्हणून केला. उलटं छापा असं मी थोडंच सांगितलं होतं? तुमच्या त्या नव्या वार्ताहर पोरीने दिवे लावले.

ताई : तिला तुमचे चेहरे ठाऊक नव्हते. टेबलावरच्या पाट्या बघून तिने नावं लिहिली. आणि तू एसीचं वारं लागतं म्हणून खुर्ची बदललीस, पाटी तिथेच ठेवून.

धाकटा : म्हणजे चूक माझी?

ताई : माझी. संपादक मी आहे. छापण्याआधी तुला एकदा विचारलं असतं, तरी कळलं असतं. भाऊ हिरो झालेला बघून मला गुदगुल्या झाल्या, म्हणून नाही विचारलं. तेही लिहिलंय खाली. वाच.

धाकटा : शी! घरातलं कशाला चव्हाट्यावर मांडतेस? आईने तो अंक शेजारीपाजारी दाखवलाय.

ताई : हाही पाठवते तिला.

धाकटा : बरं, माझं सोड. आज त्या ठरावावर शेवटचं मतदान आहे. अध्यक्ष आधीच बोंबलतोय, पेपरवाले वाट्टेल ते छापतात म्हणून. आणि तू आपण होऊन त्याच्या हातात काठी देतेस? थोडं थांब. ठराव पडू दे, मग छाप.

ताई : आणि तोवर तिने काय करायचं?

धाकटा : कुणी?

ताई : वसतिगृहाच्या प्रतिनिधीने. तुझ्या खुर्चीवर, तुझ्या पाटीमागे तीच बसली होती, आणि तू तिच्या. विरोध तिने केला. आता तिच्याच मैत्रिणी तिला अध्यक्षाची चमची म्हणतात. खोलीच्या दाराला कुणीतरी काळं फासलंय.

धाकटा : मग ती बोलत का नाही?

(दार ढकलून वसतिगृहाची प्रतिनिधी आत येते.)

प्रतिनिधी : बोलले की! ज्याला त्याला सांगत सुटले. सगळ्यांचं एकच, पेपरात तसं नाहीये. तुलाही फाटकापाशी गाठलं होतं. तू म्हणालास, घाईत आहे.

धाकटा : खरंच घाईत होतो गं.

प्रतिनिधी : चालत होती ती पोरं. तू त्यांच्या खांद्यावर होतास.

ताई : बस. हे वाच आधी. काही चुकलं असेल तर आत्ताच सांग.

प्रतिनिधी : हे 'दिलगीर आहोत' इतक्यांदा नको. मला दिलगिरी नकोय, माझं मत परत हवंय. आणि 'धाडसाने विरोध केला' यातलं धाडस काढा. घाबरलेच होते मी. हात वर केला, एवढंच खरं.

ताई : काढलं.

धाकटा : दोघी मिळून माझी पार धुलाई करा! पण ताई, ठराव मंजूर झाला तर बैठकीचं दार तुमच्यासाठी कायमचं बंद.

ताई : होऊ दे बंद. बाहेर उभी राहीन आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारीन, तू काय केलंस? पण स्वतःची चूक गिळून आत बसले, तर तुमच्या चुका कोणत्या तोंडाने दाखवू? सांग तुझ्या अध्यक्षाला, आम्ही चुकलो की छापतो. तुम्ही चुकलात की दार लावता.

धाकटा : आज बैठकीत सगळे हसतील मला.

प्रतिनिधी : हसू देत. माझ्या शेजारी बस. तिथे हल्ली कुणी बसत नाही.

धाकटा : ...समजा ताई, आज मी खरंच विरोधात हात वर केला, तर?

ताई : तर छापीन.

धाकटा : आणि नाही जमलं तर?

ताई : तेही छापीन. पण या वेळी आधी तुला विचारीन.