समोर आलीस तर

निफाडच्या बसच्या रांगेत इंदिराताई उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एका छोट्या कॉलेजचे खो-खोचे सर आणि त्यांची कॅप्टन शुभांगी.

“सर, नाशिकच्या त्या मोठ्या कॉलेजनं बोलावलंय. खेळायचे महिन्याला आठ हजार देतात.”

“मग जा की.”

“आन् आपली टीम?”

“आठ हजारांत आपल्या टीमचं वर्षाचं बसभाडं अन् केळी निघतात. मी तुला काय देणार, पोरी?”

“तुम्ही थांब म्हणा, मी थांबते.”

“नाय म्हणणार. घरी काय म्हणाले?”

“आई आधी रडली. मग म्हणली, जा.”

“बघ. पण फायनलला समोर आलीस, तर सोडणार नाय.”

“मला बाद कोण करणार, सर? तेवढं पळणारं कोण हाय आपल्यात?”

“तुझी धाकटी बहीण. तू जाणार हे कानावर आलं, तसं कालच टीममधी नाव घातलं तिचं.”

“रोहिणी? तिला तर मीच शिकवलंय!”

“म्हणून तर घेतली. तू कुठल्या खांबापाशी हूल देतेस, ते तिला पाठ हाय.”

“सर, हे लय चीटिंग हाय!”

इंदिराताईंना हसू आवरेना. दोघांनी वळून पाहिलं.

“माफ करा हं,” त्या म्हणाल्या, “पण फायनल कधी असते?”