वाल्मीकनं गाडीचं पाणी काढलं

...आणि वर लोक म्हणतात, घरच्या घरी होतं हो, दहा मिनिटांचं काम! दहा मिनिटं? तुम्हाला सांगतो, आमच्या वाल्मीकला विचारा ही दहा मिनिटं, म्हणजे त्याला नीट बोलता यायला लागलं की विचारा, सध्या खालचा ओठ भरताच्या वांग्याएवढा झालाय! दिंडोरीच्या अलीकडं त्याचा मळा, आणि दारात ती डिझेलची फोर-व्हील जीप, चिखलातून म्हशीसारखी निवांत चालणारी. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण गाडीचं ऑइल विसरणार नाय! तर त्या दिवशी हरसूलहून येताना घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा गेला लालमध्ये, आणि यानं घरी पोचल्या पोचल्या जाहीर केलं, जुनं कूलंट काढायचं, आत्ताच्या आत्ता! कूलंट म्हणजे काय हो, इंजिन तापू नये म्हणून आत फिरतं ते रंगीत औषधी पाणी, नवं असताना पोपटी, चार वर्षांनी गटारासारखं. बॉनेटमधून वाफा निघतायत, हा शर्ट काढतोय, आणि ज्योत्स्नावहिनी, त्याची बायको, ओट्यावरून एकच सांगत होत्या, "अहो, आधी थंड होऊ द्या!"

ऐकेल तो वाल्मीक कसला? "तू चहा टाक," म्हणे! आणि शिरला गाडीखाली.

रेडिएटरच्या तळाला एक प्लास्टिकची चावी असते, ती फिरवली की पाणी गळतं, खाली टब ठेवायचा, संपलं. पण चावी बसलेली जाम! पकडीनं पिळली, नाय. पान्यानं ठोकली, नाय. मग याचं डोकं फिरलं, आणि यानं हातोडा मागवला... अहो, प्लास्टिकला हातोडा! पहिला घाव सटकला, तो स्वतःच्या अंगठ्यावर. दुसरा, आईवरून शिवी हासडून, चावीवर. चावी तुटली, आणि ते उकळतं पाणी सूं करून आलं ते थेट याच्या उजव्या हातावर! "मेलो!" म्हणून उठला, विसरला की वर गाडी आहे, कपाळ धाडकन लोखंडावर! बाहेर आला तो रक्त, वाफ आणि शिव्या या तिन्हींसकट, आणि रागाच्या भरात पाना भिरकावला, तो स्वतःच्याच हेडलाइटवर! काच खळ्ळकन खाली, आणि ओट्यावरून पुन्हा, "मी काय म्हणत होते? थंड होऊ द्या!"

बरं, इथं संपतं का? नाय ना!

शेजारी याची चुलती, चतुराबाई. बांधावरचा शेवगा कोणी तोडला यावरून तीन वर्षं बोलणं बंद, आणि या बाईचा सगळा जीव एका शेळीत. गाभण शेळी! ती शेळी दावं तोडून आली, टबापाशी थांबली आणि वास घेतला. आता नाशिकच्या मेकॅनिकनं वाल्मीकला बजावलेलं, "दादा, हे गोड लागतं, जनावर चाटून चाटून पितं, आणि दोन दिवसांत किडन्या जातात." शेळी मेली तर चतुराबाई जिवंत राहायची नाय, हे वाल्मीकला कुणी सांगायला नको होतं. भाजलेला हात, फुटलेलं कपाळ, सगळं विसरून त्यानं उडी मारली आणि शेळीचं एक शिंग धरलं! पण दुसऱ्या हातात काय? हातोडा!

शेळीनं काय करावं? दिली याच्या पोटात धडक! श्वासच गेला. तोंड उघडतंय, बंद होतंय, आवाज नाय... आणि तेवढ्यात कुंपणावर चतुराबाई! तिला काय दिसलं? रक्तानं माखलेला पुतण्या, हातात हातोडा आणि तिची गाभण शेळी!

"आरं मुडद्या! शेवग्याचा राग मुक्या जित्राबावर काढतो व्हय?"

आणि तुरीच्या काठीनं सुरू! पाठीवर, पायावर, जिथं जागा दिसेल तिथं! हा मार खातोय, पण शिंग सोडत नाय, सोडलं तर शेळी टबात तोंड घालणार! शेवटी श्वास आला, तसा ओरडला, "काकू, इख! इख हाये त्यात!"

झालं! तिचा मुलगा संतोष तालमीतून येत होता, त्यानं बरोब्बर तेवढंच ऐकलं. "आमच्या शेळीला इख घालतो?" आणि पहिला ठोसा ओठावर! दुसरा बरगडीत! वाल्मीक म्हणजे काय गप्प बसणारा आहे? त्यानं संतोषच्या दंडाला चावा घेतला. टब लवंडला, दोघं त्या चिखलात घसरले, हा वर, तो वर, गुडघा, कोपर, माती, दात... आणि चतुराबाई आता ज्याची पाठ वर येईल तिला मारतेय, पोराला चार जास्तच बसल्या!

तेव्हा वहिनी उतरल्या ओट्यावरून. थंड पाण्याची अख्खी बादली दोघांच्या डोक्यावर ओतली, शेळी खांबाला बांधली, आणि म्हणाल्या, "ते पाणी प्यायलं तर जनावर मरतं. हे मगापासून तिला वाचवतायत. आता झाले का सगळे थंड?"

चतुराबाई शेळीचं तोंड चाचपायला लागली. जनावरांच्या डॉक्टरला फोन झाला, तो आला, बघून म्हणाला, जीभसुद्धा लागलेली नाय. तेव्हा म्हातारी ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी ती हळदीचं दूध घेऊन आली. "माझ्या शेळीपायी लय मार खाल्लास रे लेकरा." तीन वर्षांनी लेकरा म्हणाली हो! याच्या डोळ्यांत पाणी. मग पदर सावरत म्हणते, "तुला यातलं कळतं... आमच्या ट्रॅक्टरचं बी पाणी बदलायचंय. रविवारी येशील?"

काय सांगणार? तीन वर्षांचा अबोला सुटलाय, नाही म्हणायची सोय आहे का? एक हात बँडेजात, ओठ सुजलेला, आणि आमचा वाल्मीक कसाबसा म्हणाला,

"येतो काकू. फकस्त शेळी बांधून ठेवा... आन् जमलं तर संतोषला बी."