दीड इंची व्हॉल्व्ह

पंपांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर फिटर आणि त्याची इंजिनिअर मुलगी उभी होती.

“व्हॉल्व्ह अर्धा इंचीच घे. वीस वर्षं तोच बसवतोय मी.”

“बाबा, दवाखान्याचा पंप मिनिटाला तीनशे लिटर ढकलतो. वरचे सगळे नळ एकदम बंद झाले, तर दाब वाढून व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढं पाणी त्यातूनच बाहेर पडायला हवं. अर्ध्या इंचातून जेमतेम निम्मं सुटतं.”

“म्हणजे दवाखान्यातला पाइप फुटला तो माझ्यामुळेच की.”

“पंप बदलून दुप्पट मोठा बसवला, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“नाही. पण वॉर्डात घोटाभर पाणी होतं, पोरी. पेशंट उचलून न्यावे लागले. तेव्हापासून हातात पान्हा धरवत नाही.”

“मी तो व्हॉल्व्ह दाब देऊन तपासला. तुम्ही लावलेल्या दाबालाच उघडतो. त्या दिवशीही उघडला असणार. तोंडच लहान, तो तरी काय करणार?”

“खरं सांगतेस, की म्हाताऱ्याचं मन राखतेस?”

“मन राखायला आई आहे. मी आकडे सांगते.”

“मग केवढा घ्यायचा?”

“कोष्टकात तीनशे लिटरला दीड इंची येतो.”

“आणि दाब?”

“तुम्ही ठेवला होता तोच. त्यात काहीच चूक नव्हती.”

त्यांचा नंबर आला.

“दीड इंची? देतो. बसवायला माणूस पाठवू का?” दुकानदाराने विचारलं.

मुलगी बोलणार, तोच फिटर म्हणाला, “माणूस कशाला? मी आहे ना. आणि पाणी बाहेर सोडायचा पाइपही दीड इंचीच द्या. तिथे बारीक लावला, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.”