ऐकू न आलेला आकडा

मॅडम : रडून झालं असेल तर तोंड धुऊन ये.

विद्यार्थिनी : झालं, मॅडम.

मॅडम : मग बस. कॉटवर नको, तिथे सरावाचा पुतळा झोपलाय. त्याच्याइतकी निवांत झोप ह्या नर्सिंग कॉलेजात कुणालाच नाही. स्टूल ओढ. आता सांग, सकाळच्या प्रॅक्टिकल परीक्षेत वॉर्डातल्या शिंपी आजोबांचं बीपी किती आलं?

विद्यार्थिनी : एकशेवीस-ऐंशी.

मॅडम : तू गेल्यावर मी घेतलं. एकशेसत्तर-शंभर होतं.

विद्यार्थिनी : अगं आई... कसे आहेत ते?

मॅडम : बरे आहेत. डॉक्टरांनी गोळी बदलली. पण तुझ्या आकड्यावर विसंबून मी चहाला गेले असते तर?

विद्यार्थिनी : मला नापास करा, मॅडम.

मॅडम : ते केलंय, तुला विचारायला थांबले नाही. मला कळत नाहीये ते वेगळंच. तू हात नीट धुतलेस. काय करणार ते आजोबांना सांगितलंस. बाही उसवेल म्हणून त्यांचा हात आधी सदऱ्यातून काढलास. त्याचे सगळे मार्क दिलेत मी, एकही कापला नाही. एवढं बघणारी पोर आकडा मनानं लिहिते?

विद्यार्थिनी : मला ऐकूच येत नाही.

मॅडम : म्हणजे? कानाचा त्रास आहे?

विद्यार्थिनी : नाही हो. आई पलीकडच्या खोलीत पुटपुटली तरी कळतं मला. पण स्टेथो लावला की कापूस घातल्यासारखं होतं. पहिल्या वर्षी सगळ्या म्हणाल्या, ठोके आले. मीही म्हटलं, आले. मग शेजारची मैत्रीण हळूच आकडा सांगायची, तो लिहायचे. आज शेजारी कुणी नव्हतं.

मॅडम : आणि कुणाला विचारलं नाहीस?

विद्यार्थिनी : आधी लाज वाटली. मग दुसरं वर्ष लागलं. आता कुठल्या तोंडानं विचारणार?

मॅडम : लाव बघू तो कानाला. थांब. हलू नकोस. रोज असाच लावतेस?

विद्यार्थिनी : हो.

मॅडम : पहिल्या दिवसापासून?

विद्यार्थिनी : हो. का?

मॅडम : उलटा लावलायस, बाळ. ही टोकं नाकाच्या दिशेला हवीत. तुझी डोक्यामागे चाललीत. काढ. फिरव. हं, आता माझ्या इथे ठेव. हसू नकोस, ठेव.

(विद्यार्थिनी स्टेथो मॅडमच्या छातीवर ठेवते.)

मॅडम : काय येतंय?

विद्यार्थिनी : मॅडम, हे इतकं मोठं असतं?

मॅडम : एवढंच असतं. अगं, आता का रडतेस? माझं हृदय एवढंही वाईट नाही.

विद्यार्थिनी : इतकी सोपी गोष्ट होती. मला वाटायचं, मीच बिनडोक आहे.

मॅडम : आम्ही अख्ख्या वर्गाला लांबून दाखवतो आणि मुली माना डोलावतात. कुणी कसा लावलाय ते बघायला हवं होतं. उद्यापासून मी एकेकीचे कान बघणार आहे, हसायचं त्यांनी हसावं.

विद्यार्थिनी : मग आता पास कराल ना? ऐकू यायला लागलं की.

मॅडम : नाही.

विद्यार्थिनी : फेरपरीक्षेतही नापास झाले तर कॉलेजातून काढतात, मॅडम. आईनं गल्लीभर सांगून ठेवलंय. शेजारच्या काकू आत्तापासूनच मला सिस्टर म्हणतात.

मॅडम : माहीत आहे. म्हणून तर जेवायचं सोडून इथे बसलेय. पण स्टेथो उलटा लागला त्यासाठी नापास केलेलं नाही तुला. न ऐकलेला आकडा लिहिलास, त्यासाठी केलंय. ते मला पुसता येणार नाही. तू मला आवडतेस, तरीही. खरं तर आवडतेस म्हणूनच.

विद्यार्थिनी : फेरपरीक्षा तुम्हीच घ्याल ना?

मॅडम : मी नाही. माझा हात तुझ्या बाबतीत सैल पडेल. बाहेरच्या परीक्षक बाई येतील. तोवर रोज जेवणाच्या सुट्टीत इथे यायचं. माझं बीपी घ्यायचं, शिपाई काकांचं घ्यायचं, स्वयंपाकघरातल्या मावशींचं घ्यायचं. आणि ऐकू आलं नाही तर काय म्हणायचं?

विद्यार्थिनी : आलं नाही म्हणायचं.

मॅडम : म्हण मग.

विद्यार्थिनी : ऐकू आलं नाही.

मॅडम : पुटपुटू नकोस. इथे तुझी आई नाही पलीकडच्या खोलीत.

विद्यार्थिनी : मला ऐकू आलं नाही. पुन्हा घेते.

मॅडम : शाब्बास.

विद्यार्थिनी : पण परीक्षेत असं म्हटलं तर मार्क कापतील.

मॅडम : एखादा कापतील. कापू देत.

(पुढच्या आठवड्यात, वॉर्डात. शिंपी आजोबांच्या पायाचं बँडेज अजून सुटलेलं नाही. परीक्षक बाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या आहेत.)

आजोबा : आलीस होय. आज हा सदरा घातलाय, बाही सैल आहे. वर सरकव नुसती.

विद्यार्थिनी : बरं केलंत, आजोबा. आता पट्टा फुगवते, दंड जरा आवळल्यासारखा वाटेल. दुखलं तर सांगा.

आजोबा : दुखत नाही गं. कालच्या पोरीनं तर असा आवळला, म्हटलं बोटं जातात का राहतात. त्यावरून आठवलं, आमच्याकडे एक गिऱ्हाईक यायचं, कोट इतका घट्ट शिवून घ्यायचं की...

परीक्षक : बाबा, दोन मिनिटं शांत राहा.

आजोबा : राहिलो. मी काही बोलतच नव्हतो.

परीक्षक : हं. किती आलं?

विद्यार्थिनी : मॅडम...

आजोबा : रोज सकाळी एकशेचाळीस-नव्वद सांगतात. तेच असेल, लिही.

परीक्षक : बाबा, तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगा, सिस्टर. किती?

विद्यार्थिनी : वरचा एकशेचाळीसच्या आसपास वाटला, पण खात्री नाही. खालचा मला ऐकू आला नाही.

परीक्षक : मार्क जाईल, माहीत आहे ना?

विद्यार्थिनी : हो, मॅडम. आजोबा, सगळी हवा सोडते, हाताला जरा विसावा द्या. मग पुन्हा एकदा घेऊ का? ह्या वेळी बोलायचं नाही हं.

आजोबा : घे, बाई. पहिल्या मापावर मीही कधी कापड कापलं नाही.