बासनातली जर्मन पत्रं

(काशी, रामघाट, १९१४. जर्मनीशी लढाई जुंपलेली. वेदशाळेचे ढुंढिराजशास्त्री, कचेरीत कारकुनी करणारा मुलगा दत्तात्रेय, सून बकुळ.)

दत्तात्रेय : पण नाना, साहेबाला जर्मन येत नाही! तुमच्या त्या जर्मनाच्या पत्रांचं इंग्रजी आज कोतवालीत पोचलं नाही, तर माझी नोकरी जाईल आणि तुम्ही आत.

ढुंढिराज : अरे, जर्मन सोवळ्यातली भाषा. संस्कृतासारखं एकेक पद विभक्तीचं गंध लावून बसतं. कोण कोणाचा, लगेच कळतं. तुझ्या इंग्रजीत सगळे कोऱ्या कपाळाचे. जरा जागा हलली की मारणाराच मार खातो.

दत्तात्रेय : शिकायला सोपी आहे ना पण!

ढुंढिराज : शिकायला सोपी, विसंबायला अवघड. जर्मन माणूस पुष्कळदा क्रियापद शेवटापर्यंत राखून ठेवतो, बुवा आख्यानाचं मर्म राखतात तसं. तेवढा दम आहे तुझ्या साहेबाला?

दत्तात्रेय : म्हणून तर आज इंग्रजी बरी. तो जर्मन तुमचा कोण, तिथे ‘ओळखीचा’ असं काहीतरी मोघम घालतो. साहेब हवा तो अर्थ काढील, आपण सुटू.

ढुंढिराज : चार वर्षं माझ्यासमोर मांडी घालून शिकला तो. मला आपली भाषा शिकवली. कीर्तनात झांज वाजवायचा, तीही बेताल! तो मोघम?

दत्तात्रेय : आधी पत्रं तर काढा.

ढुंढिराज : कोनाड्यात आहेत. लाल बासनात.

बकुळ : अगबाई! मामंजी, लाल बासन? जीर्ण पोथ्यांचं समजून कालच नावेतून नेलं मी. दगड बांधून, हात जोडून मधल्या धारेत सोडलं.

दत्तात्रेय : डूब गए! साहेब म्हणेल, पुरावा बुडवला.

बकुळ : वर तुळशीपत्रसुद्धा ठेवलं हो...

ढुंढिराज : रडू नकोस. पत्रांना गंगा मिळाली. दत्तू, टाक घे. सगळी मुखोद्गत आहेत मला.

दत्तात्रेय : सगळी?

ढुंढिराज : वेद म्हणणाऱ्याला पत्रांचं काय! शेवटचं आधी घे. ‘गुरुजी, उद्या लढाई झाली, तर मी तुमचा कोण?’

दत्तात्रेय : ...काय उत्तर धाडलंत?

ढुंढिराज : टपालच बंद झालं.

दत्तात्रेय : नाना, हे एवढं गाळू या. कोणाला कळणार आहे?

ढुंढिराज : पाठातलं अक्षर गाळत नाहीत. आणि तुझं ते ‘ओळखीचा’ खोड. ‘शिष्य’ लिही.

दत्तात्रेय : तुम्हाला ठेवून घेतील हो तिथे.

ढुंढिराज : बकुळ, संध्येची पळी-भांडं पिशवीत घाल गं, बाळ.