रेणूचा खोकला आन माझी भाकर

मी उमापूरचा. बाप शेती करायचा, मी शेती बघत बघत विहिरीवरच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मालकीण वारली तवा माझी एकुलती लेक रेणू लहान होती, तरी चूल तिनंच धरली. घरात गॅस होता बरं का, पण काय सांगू तुम्हाला, मला चुलीवरचीच भाकर लागायची. पोर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या चुलीत घालून फुंकत बसायची आन मी मिटक्या मारत खायचो.

यंदा ती नववीत गेली. सर्दी झाली, मग खोकला, मग छातीत घरघर. खो-खोच्या टीमची कॅप्टन, पण चार पावलं चालून थांबायला लागली. मी शहाण्यानं निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी दिली. पोर खोकून खोकून बेजार. तशीच गाडीवर बसवून गेवराईला नेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वासनळ्यांना सूज आलीय. मी म्हणलं, सलाईन लावा, कडक इंजेक्शन द्या. त्या म्हणाल्या, काका, त्याची गरज नाही, आराम करू द्या, कोमट पाणी पाजा, खोकला काही आठवडे रेंगाळेल, दम लागला तर लगेच आणा, पण धूर अजिबात नको. स्वयंपाक कशावर करता? रेणू पटकन म्हणली, गॅसवर. खोटं बोलली ओ माझी पोर, माझी लाज राखायला. मी मान खाली घालून म्हणलं, न्हाई मॅडम, चुलीवर, आन तीच करती.

त्याच दिवशी चूल बंद केली आन गॅसवर मी भाकरी थापायला लागलो. पहिली परातीतच फाटली. शेजारचा किसन दारातून ओरडला, काय बे, सून कवा झालास? मी म्हणलं, या सासूबाई, पीठ मळा. रेणू हसली, हसता हसता खोकली, पण हसली.

खोकला कमी झाला आन तालुक्याची मॅच आली. सर बोलवायला आले. मलाच हाव सुटली, म्हणलं, जा की, घामानं कफ सुटंल. तर ती म्हणली, न्हाई अण्णा, अजून दम पुरत न्हाई, मी अडखळले तर सगळ्या पोरी हरतील. कॅप्टन असून बाहेर बसली, ओरडून ओरडून न्हाई, नुसत्या टाळ्या वाजवून पोरींना खेळवलं. जिंकल्या बी. सगळे कपाकडं बघत होते, मी माझ्या लेकीकडं. एवढी अक्कल मला ह्या वयात न्हाई.

आता पळती. परवा मैदानावरून आली, घामानं भिजलेली, तोंडात खोकला न्हाई, आन दारातूनच म्हणली, अण्णा, दोन भाकरी जादा टाका, लई भूक लागलीय. देवा, ही भूक तिला अशीच राहू दे.